कूलरपुढचा नंबर

उन्हाळ्याशी नागपुरात सगळ्यांचंच वाकडं असतं, पण उन्हाळ्याशी ज्याचं खानदानी वैर होतं असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला माझा टेबलशेजारी. इतर नागपूरकर मार्च उजाडला की डोक्याला दुपट्टा बांधतात, खिशात कांदा टाकतात, दुपारी दारं लावून घेतात आणि शत्रू गल्लीतून निघून जाईपर्यंत गप्प बसून राहतात. ह्या गृहस्थाला स्वतःच्या उन्हाचं काहीच वाटत नसे. गांधीबागेतून अमरावती रोडपर्यंत तो रणरणत्या उन्हात सायकल हाकत यायचा आणि आल्यावर घाम न पुसता आधी खोलीत आणखी कोण उन्हातून आलंय ते बघायचा. त्याचं भांडण दुसऱ्यांच्या उन्हाशी असे. टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनला तो हाताला धरून पंख्याखाली बसवी, आणि पोस्टमन उठायला लागला की, "बसा ना भाऊ, पत्रं काय पळून जाऊन राहिली का?" म्हणून पुन्हा खाली दाबी. शेवटी त्या पोस्टमनने आमचं टपाल शेजारच्या विभागात टाकायला सुरुवात केली. एकदा कडुलिंबाची सावली सरकल्यामुळे एक गाय उन्हात आली. तिला सावलीत न्यायला हा बाहेर गेला. गाईला सावली नको होती. ती रवंथ करत तिथेच बसली, आणि हा कितीतरी वेळ तिच्यासमोर भर उन्हात उभा राहून तिची समजूत घालत होता.

मी तेव्हा नुकतीच एम.एस्सी. झाले होते आणि विद्यापीठातल्या रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत कनिष्ठ संशोधक म्हणून चिकटले होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. 'संशोधक' हा शब्द माझ्या पदाच्या नावात होता. कामात यायला त्याला बराच अवकाश होता. कामात काचेच्या नळ्या होत्या. नळ्या धुवायच्या, उकळायच्या, वाळवायच्या, त्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे बसवायचे, आणि वापरून झाल्या की पुन्हा धुवायच्या. मधल्या वेळात मेंढीचं रक्त धुवायचं. हो, रक्तही धुवावं लागतं. कत्तलखान्यातून बाटलीत आलेलं रक्त मिठाच्या पाण्यात मिसळून यंत्रात गरगर फिरवायचं, वरचं पाणी काढून टाकायचं, पुन्हा फिरवायचं, असं खाली स्वच्छ लाल पेशी उरेपर्यंत. शेजारच्या काकू माझ्या आईला विचारायच्या, "पोरगी काय करते वं तिथं?" आई सांगायची, "रक्त धुते." त्यानंतर मला स्थळं सांगून येण्याचं प्रमाण बरंच कमी झालं.

ह्या धुतलेल्या पेशी सशाला टोचल्या की सशाचं शरीर त्या परक्या पाहुण्यांविरुद्ध रक्तात एक हत्यार तयार करतं. ते किती तयार झालं हे मोजणं, हा आमचा सगळा धंदा. सशाच्या कानाच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं, ते गोठू द्यायचं, वर सुटलेलं पिवळसर पाणी, म्हणजे सिरम, नळ्यांच्या रांगेत पुढच्या नळीत मागच्याच्या निम्मं, असं पातळ करत न्यायचं, आणि प्रत्येक नळीत मेंढीच्या पेशी सोडायच्या. जिथे हत्यार शिल्लक असेल तिथे पेशी एकमेकींचे हात धरून तळभर सतरंजीसारख्या पसरतात. जिथे संपलं असेल तिथे घरंगळून मधोमध कुंकवाच्या टिकलीएवढ्या गोळा होतात. सतरंजी कितव्या नळीपर्यंत पोचली, एवढंच बघायचं. जितकी लांब सतरंजी, तितका ससा समर्थ.

बाकीचे लोक हे टेबलावरच्या दिव्याखाली बघत. माझा शेजारी नळ्यांचा लाकडी घोडा उचलून थेट व्हरांड्यात जाई. त्याच्या घरचं गांधीबागेत कापडाचं दुकान होतं, आणि दिव्याखाली पाहिलेला रंग हा रंगच नव्हे, अशी त्या घराची श्रद्धा होती. कापड उंबऱ्यावर न्यायचं, उजेडात धरायचं, मग बोलायचं. हाही व्हरांड्याच्या पायरीवर उभा राहून एकेक नळी आभाळाकडे धरी, डोळा बारीक करी आणि निकाल देई: "इथपर्यंत पोत घट्ट आहे. इथून विरळ होऊन राहिला." जाणारेयेणारे थांबून वर आभाळात बघायचे. विमानबिमान आहे की काय, असं त्यांना वाटे.

पण दुकानाने त्याच्या हाताला लावलेली खरी सवय निराळीच होती. ती मला पहिल्या महिन्यात कळली. मापून झाल्यावर वरून चार बोटं जास्त देणं, हा त्याच्या घराण्याचा धर्म होता. गिऱ्हाइकाला जेवढ्यास तेवढं मोजून देणारा दुकानदार म्हणजे त्यांच्या मते भुरटा चोर. आता हा हात पिपेट धरायला आला. पिपेटमध्ये औषध बरोबर रेघेपर्यंत ओढायचा, नळीत सोडायचा, आणि मग त्याच्याही नकळत, वरून एक थेंब. प्रत्येक नळीला एक थेंब. प्रयोगशाळेत आल्यावर पहिले सहा महिने त्याच्या हातून निघालेला प्रत्येक ससा विदर्भातला सर्वात समर्थ ससा ठरत होता. सरांना काही केल्या कारण सापडेना. मग एके दिवशी ते त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि बघत राहिले. आमचे सर पुण्याचे. आवाज चढवणं त्यांना अशिष्टपणाचं वाटे. ते आवाज उतरवत, आणि तो ऐकायला माणसाला पुढे वाकावं लागे. विभागात एकाच आडनावाचे तिघेचौघे असल्यामुळे ते ह्याला राहत्या जागेवरूनच हाक मारत.

"अहो गांधीबाग," सर म्हणाले, "हा शेवटचा थेंब कशाचा?"

"कोणता सर?"

"हा आत्ता सोडलात तो."

त्याने पिपेटकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि खरोखर दचकला. "तो... वरून आहे, सर."

"नळी उद्या दुसऱ्या दुकानात जाणार नाही," सर म्हणाले. "तिला वरून नको."

त्या दिवसापासून तो डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून पिपेट वापरायला लागला. नवीन आलेल्यांना वाटायचं, ह्यांच्या हाताला काहीतरी झालेलं दिसतं. ते हळहळायचे, आणि हा त्यांना पाणी द्यायचा.

पाण्यावरून आठवलं. प्रयोगशाळेच्या भांड्यांतून काही खायचं-प्यायचं नाही हा आमच्याकडचा पहिला नियम, आणि तो बरोबरच आहे, कारण त्या भांड्यांत सकाळी काय होतं हे संध्याकाळी कोणाला आठवत नसतं. ह्याने त्यावर तोड काढली. कोरे करकरीत, कधीच न वापरलेले काही काचपेले त्याने बाजूला काढले आणि त्यांवर लाल तेलरंगाने 'माणसांसाठी' असं लिहिलं. उन्हाळ्यात त्यांत कैरीचं पन्हं असे. एकदा दुसऱ्या गावाहून एक नामांकित परीक्षक आले. ते उन्हातून आत पाऊल टाकतात न टाकतात तोच ह्याने तो पेला त्यांच्या हातात दिला. परीक्षकांनी आयुष्य प्रयोगशाळांत काढलेलं. त्यांनी आतला हिरवट पिवळा द्रव पाहिला, पेल्यावरच्या मापाच्या रेघा पाहिल्या, मग 'माणसांसाठी' ही अक्षरं वाचली, आणि पेला सरांच्या हातात देत अत्यंत गंभीरपणे विचारलं, "जनावरांवर करून झालं का?"

त्याच्या घरी मी एकदाच जेवायला गेले, आणि त्या एका जेवणात मला तो माणूस मुळापासून कळला. मोठं एकत्र कुटुंब, चुलते, चुलत्या, सुना, शाळेतली मुलं, कोणाचे तरी आलेले पाहुणे. जेवणात पाटवडीचा रस्सा होता. तो तिखट होता एवढंच सांगते. बाकीचं मला दिसलं नाही, डोळ्यांत पाणी होतं. जेवणं झाल्यावर सगळे मधल्या खोलीत आले. तिथे खिडकीत घरातला एकुलता एक कूलर होता, वाळ्याचे पडदे लावलेला, आणि त्याच्यासमोर एक चटई. चटईवर मावतील तेवढीच माणसं तिथे झोपायची, बाकीची भिंतीकडेला. थोड्या वेळाने थोरल्या काकू हाक द्यायच्या, की चटईवरचे उठून भिंतीला जायचे आणि भिंतीचे चटईवर यायचे. ह्यात कोणाला सूट नव्हती. दुकानाचे मालक असलेले त्याचे वडीलही हाक आली की धोतर सावरत उठत. मी पाहुणी म्हणून मला पहिला नंबर मिळाला. वाळ्याचा गार वास, पोटात रस्सा. माझा छान डोळा लागला, आणि कोणीतरी पायाचा अंगठा हलवला.

"उठ वं बाई," थोरल्या काकू म्हणाल्या. "झाला तुझा नंबर. आता माळीणबाईचा हाय."

माळीणबाई म्हणजे फुलं द्यायला आलेल्या बाई. त्या आधीच पदर खोचून उभ्या होत्या. मी भिंतीशी जाऊन बसले तेव्हा माझा टेबलशेजारी अभिमानाने म्हणाला, "आमच्याकडं असंच आहे ताई. एकानं गारव्यात घोरायचं आन् दुसऱ्यानं त्याच्याकडं पाहत भाजायचं, हे ह्या घरात होत नाही."

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्याला स्वतःचा असा प्रयोग हवा होता आणि तो त्याला उन्हाळ्यातच सापडावा हे ओघानेच आलं. उन्हाळ्यात माणसं दुखण्याला लवकर बळी पडतात हे सगळेच म्हणतात. मग उन्हाच्या तडाख्याने शरीराची हत्यार तयार करण्याची ताकद कमी होते का, हे मोजून बघावं. कल्पना सोपी होती आणि ती नागपुरातच सुचू शकत होती. निम्मे ससे कूलरच्या खोलीत ठेवायचे, निम्मे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दोघांना सारख्याच पेशी टोचायच्या, सारखंच खायला द्यायचं, आणि उन्हाळाभर दर आठवड्याला दोघांच्या सतरंज्या बघायच्या. सरांना कल्पना इतकी आवडली की त्यांचा आवाज जवळजवळ ऐकू येईनासा झाला.

अडचण घरून आली. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, आणि लग्नसराईत कापडवाल्याला घरातला प्रत्येक हात दुकानात लागतो. एप्रिलच्या सुरुवातीला त्याचे वडील स्वतः प्रयोगशाळेत आले. पांढरं धोतर, काळी टोपी. मुलाने आणलेला पेला त्यांनी वाचून मग घेतला.

"साहेब," ते सरांना म्हणाले, "आमचा पोट्टा इथं काय करून राहिला, ते मले एकदा सांगा."

सरांनी सगळं समजावून सांगितलं. म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे," ते म्हणाले, "उन्हानं जनावर बेजार होते का नाई, हे पाहून राहिले तुमी?"

"किती बेजार होतं, ते पाहतोय."

"मंग हे माह्या दुकानात येऊन विचारलं असतं तं सांगितलं नसतं का?" पण मग त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं. हा एक उन्हाळा देतो. काही खरं निघालं, कागदावर छापून आलं, तं खुशाल करत राहा म्हणा. नाई तं जूननंतर गादीवर येऊन बसाचं."

सरांच्याही बाजूने तेच होतं. त्याची शिष्यवृत्ती जूनमध्ये संपत होती आणि पुढे चालू राहायची तर हातात छापण्याजोगं काहीतरी हवं होतं. म्हणजे त्या पोराचं विज्ञानात राहणं की दुकानात जाणं, हे त्या उन्हाळ्यात सशांच्या रक्तात ठरणार होतं.

एप्रिल गेला, मे आला. उन्हाळ्यात विभागाचं काम सकाळच्या वेळात चाले, दुपारी सगळे घरी. जनावरांकडे बघणारे काकाही सकाळी चारा-पाणी करून जात. दुपारचं राखणं माझ्या शेजाऱ्याने स्वतःकडे घेतलं. मी सकाळी पेशी धुवायची, रक्त काढायला ससे धरायची, तो मनगट धरून पिपेट चालवायचा, आणि व्हरांड्यात आभाळाकडे नळ्या धरून दोघं निकाल बघायचो. पहिल्या आठवड्यांत शेडमधल्या सशांची सतरंजी आखूड यायला लागली. तो खूश झाला, पण त्याची खुशी फार वेळ टिकत नसे. शेडकडे जाऊन आला की चेहरा पडलेला असायचा. मग पुढच्या आठवड्यांत शेडमधल्यांची सतरंजी हळूहळू लांबली. मेच्या शेवटी, ऊन ऐन भरात असताना, दोन्हीकडचे आकडे जुळ्या भावांसारखे दिसायला लागले.

मला वाटलं, गेलं. पण सर आनंदाने खुर्चीतून उठले. त्यांच्या मते हे तर अधिकच मोठं होतं. आधी ताकद घटते, मग जनावर सरावतं आणि भर उन्हात पुन्हा पूर्ववत होतं! "नागपूरचा ससा हा नागपूरचा असतो हो," ते म्हणाले. हे असं कोणी दाखवलेलंच नव्हतं. शोधनिबंध लिहायचा, त्यावर पहिलं नाव गांधीबागचं. शिष्यवृत्तीची काळजीच नको. जूनमध्ये सशांचं शेवटचं रक्त घेऊन झालं. शेवटचं म्हणजे सगळं. त्यानंतर ससा नसतो. आमच्या धंद्यातला हा भाग कोणी बोलून दाखवत नाही, त्यामुळे मीही एवढंच सांगते.

त्या दिवसांत माझा शेजारी विचित्र वागत होता. पन्हं करीना. पोस्टमन येऊन टपाल देऊन उभ्या उभ्या निघून गेला, त्याच्याकडे ह्याने पाहिलंही नाही. मी म्हटलं, "अहो, पेढे कधी?" तर म्हणाला, "ताई, तुमाले ते आकडे खरे वाटतात का?" मी म्हटलं, "दोघांनी मिळूनच तर पाहिले उजेडात." "उजेडात पाहिले," तो म्हणाला, "ते खरं आहे."

निबंध पाठवण्याआधी विभागापुढे सगळं मांडायची पद्धत होती. शनिवारी सकाळी सगळे जमले. ह्याने फळ्यावर दोन रकाने काढले, एक कूलरचा, एक शेडचा, आकडे लिहिले आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. सर पहिल्या रांगेत होते. सांगून झालं. वनस्पतिशास्त्राचे एक वयस्क प्राध्यापक, जे अशा सभांना मुख्यतः वारा खायला येत, त्यांनी सौजन्य म्हणून एक प्रश्न विचारला. "शेडमध्ये दुपारी किती तापत होतं?"

"बम तापत होतं सर," हा म्हणाला. "तापमान लिहून ठेवलं आहे, सांगतो. पण ससे तिथं नव्हते."

प्राध्यापक जागे झाले. "मग कुठे होते?"

"कूलरच्या खोलीत. अर्धा वेळ. मग तिथले शेडमधी आन् शेडमधले तिथं."

सरांचा आवाज आला, आणि तो ऐकायला अख्खी खोली पुढे वाकली.

"कोणी हलवले?"

"मीच, सर. मेच्या पहिल्या आठवड्यापासून. दुपारी."

"का?"

तो खडू हातात फिरवत उभा राहिला. "हे शेडमधले धापा टाकून राहिले होते सर, आन् तिकडं ते गारव्यात झोपून राहिले होते. मी दोघायलेही चारा देत होतो. एका घरात असं चालत नाही."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. सर उठले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. त्यांनी डस्टर घेतला आणि दोन्ही रकाने स्वतः पुसले, सावकाश, कोपऱ्यापर्यंत. मग त्याला घेऊन आपल्या खोलीत गेले. मी नळ्या घेऊन त्याच खोलीच्या दाराशी होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी नळ्या तिथे नेण्याची गरज नव्हती.

"शेवटी त्या सगळ्यांचं काय होणार होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?" सर विचारत होते. "कूलरवाल्यांचंसुद्धा?"

"हाव सर."

"मग दोन महिन्यांच्या उन्हाने काय मोठा फरक पडणार होता?"

"तेवढंच तं होतं सर, त्यांच्याकडं."

शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार नाही, हे सरांनी त्याला सोमवारी सांगितलं.

बातमी गांधीबागेत पोचली, तेव्हा वडील पुन्हा आले. माझी समजूत होती की ते पोराला घ्यायला आले. त्यांना हवं होतं ते झालंच होतं. ते सरांसमोर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"साहेब, माल खोटा आहे हे त्यानंच सांगितलं ना? का तुमी पकडला?"

"त्यांनीच सांगितलं."

"विकाच्या आधी का मागून?"

"आधी."

"मंग काढून काहून राहिले त्याले? आमच्या धंद्यात असा माणूस सापडला तं गल्ल्यावर बसवतात."

सरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून बाजूला ठेवला. "आमच्या धंद्यात वर्ष गेलं की वर्ष भरून द्यावं लागतं," ते म्हणाले. "माझ्या हातात ते नाही."

"तुमच्या हातात नाई, तं मंग माह्याच हातात आहे," म्हातारा म्हणाला. पोराच्या पाठीवर हात ठेवून तो त्याला घेऊन गेला. जिंकलेल्या माणसासारखा काही तो चालत नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात तोच प्रयोग सरांनी मला दिला. मी तो नेमाने केला. कूलरचे ससे कूलरसमोर राहिले, शेडचे शेडमध्ये. दुपारी मी थांबत नसे. सकाळी येऊन जे असेल ते बघत असे. फरक सुरुवातीलाच आला आणि शेवटपर्यंत वाढत गेला. शेडमधली सतरंजी निम्म्याच्याही खाली आली. त्याची कल्पना अगदी बरोबर होती. सरावणं वगैरे काही नव्हतं. नागपूरचा ससा कुठल्याही गावच्या सशासारखाच असतो. शेडमधले दोन अर्ध्यावरच गेले. सरांनी निबंध लिहायला घेतला तेव्हा मला म्हणाले, "गांधीबागला विचारून या. कल्पना त्यांची आहे, नाव यायला हवं."

मी गेले ती नेमकी लग्नसराई. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका गादीवर तो बसला होता, समोर एक आजी आणि तीन सुना, आणि मध्ये शालूंचा ढीग. मला पाहून त्याने ढीग सारून जागा केली. मी सगळं सांगितलं. त्याने सगळ्या आठवड्यांचे आकडे विचारून घेतले. बोटांवर काहीतरी मांडत होता. चेहरा उजळत गेला.

"म्हंजे मोठा फरक आहे, ताई."

"मोठा आहे."

"मले वाटलंच होतं. पहिल्या आठवड्यांतच दिसत होतं." मग जरा वेळाने, "सगळे राहिले का शेवटपर्यंत?"

"दोन गेले. शेडमधले."

त्याने समोरचा शालू घडी घालायला घेतला. आजींनी अजून तो नको म्हटलेला नव्हता. मी सरांचा निरोप सांगितला. तो म्हणाला, "नाव नका टाकू. कल्पना माझी होती, हे खरं. पण हे काम तुम्ही केलं. माझ्यानं झालं नसतं, ताई, दुसऱ्या खेपेलेही." त्यात टोमणा नव्हता. मी फार शोधला.

निबंध यथावकाश छापून आला. माझं नाव आणि सरांचं. मी प्रत उघडून सगळ्यात आधी स्वतःचं नाव पाहिलं, दोनतीनदा पाहिलं, मग शेवटच्या पानावर गेले. तिथे आभार मानायची पद्धत असते. सरांनी एकच ओळ घातली होती: जनावरांची काळजी घेतल्याबद्दल अमुक अमुक यांचे आभार. आणि त्याचं पूर्ण नाव, आडनावासकट. मी म्हटलं, "सर, ते तर ह्या प्रयोगात नव्हतेच." सरांनी चष्मा पुसला. "नव्हते," ते म्हणाले, आणि दुसऱ्या कामाला लागले.

प्रत मी दुकानात नेऊन दिली. त्याने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. "ही चूक आहे ताई. मी तं तिथं नव्हतो."

"मी सांगितलं सरांना."

"मंग?"

"ठेवली त्यांनी."

त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. मागून वडिलांनी विचारलं, "काय छापून आलं रे?" त्याने सांगितलं, "काही नाही बाबा, सशांचं आहे." आणि प्रत गादीखाली सरकवून तो समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळला.